एअरलाइनच्या कॉकपिटपर्यंतचे रस्ते: खान्देशातल्या नव्या वैमानिकांसाठी

उन्हाळ्यात अमळनेरला आम्ही गच्चीवर झोपायचो. वर लुकलुकता दिवा सरकताना दिसला की आजी हलवून उठवायची, ‘ते देख, इमान जाई ऱ्हायनं.’ तेव्हा खान्देशाला विमान माहीत होतं ते फक्त खालून. आता धुळ्याजवळ गोंदूरला, शिरपूरजवळ तांडे इथे आणि जळगावला, तिन्ही धावपट्ट्यांवर शिकाऊ विमानं उडतात. जळगावला प्रवासी घेऊन एटीआर हे प्रॉपेलरचं विमान उतरतं. आणि बारावीचे निकाल लागले की मला फोन यायला लागतात. कधी मुलगा असतो, कधी मुलगी, बऱ्याचदा वडील. प्रश्न ठरलेला: ‘ताई, एअरफोर्समधून जाऊ द्यावं, का डायरेक्ट सीपीएल? का परदेशात पाठवू?’

मी खान्देशातल्याच एका धावपट्टीवर शिकले, दोन वर्षं तिथेच इन्स्ट्रक्टर होते, मग एटीआरवर गेले आणि आता एअरबसवर कॅप्टन आहे. शेजारच्या सीटवर हवाई दलातून आलेले, अमेरिकेत शिकलेले, हेलिकॉप्टर सोडून आलेले, अठराव्या वर्षी थेट कॅडेट म्हणून घेतलेले, असे सगळे बसून गेले. कोण कुठून आलंय हे मला बहुतेक वेळा पहिल्या लँडिंगला कळतं. प्रत्येक रस्ता तुमच्या हाताला काहीतरी देतो आणि काहीतरी द्यायचं राहून जातं. जे राहिलं ते ओळखून एअरलाइनमध्ये जाण्याआधी भरून काढलंत, तर कुठल्याही रस्त्याने आलात तरी चालतं. हा लेख त्यासाठीच आहे.

शेताला हात लावण्याआधी मेडिकल

सीपीएलचा, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचा खर्च आज पन्नास लाखांच्या आसपास, बऱ्याचदा त्याच्याही पुढे जातो. टाइप रेटिंगचा, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान चालवण्याच्या परवानगीचा, खर्च वेगळा. आपल्याकडे हा पैसा केळीच्या, कापसाच्या शेतातून येतो, नाहीतर ते शेतच गहाण ठेवून येतो. म्हणून क्रम कडक पाळा. आधी डीजीसीएच्या, म्हणजे देशाच्या विमानवाहतूक नियामक खात्याच्या, यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू मेडिकल, लगेच त्यामागे क्लास वन, आणि तो हातात पडल्यावरच शाळेची फी.

माझ्या ओळखीच्या एका घरात हे उलटं झालं. फी आधी भरली, तपासणी नंतर झाली. पोराला रंगांमधला फरक नीट कळत नाही हे त्या तपासणीत समजलं. पैसे परत मिळवायला त्याच्या वडिलांनी दीड वर्ष खेटे घातले. चष्म्याची मात्र धास्ती घेऊ नका. चष्म्याने नजर हवी तेवढी सुधारत असेल तर चष्मा चालतो. रंगांची तपासणी आधी करून घ्या.

पैशांच्या बाबतीत आणखी एक. ओबीसी आणि विमुक्त-भटक्या समाजातल्या मुलांना महाज्योती या सरकारी संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षण दिलेलं आहे. अशा योजनांच्या जाहिराती आणि मुदती पाहत राहा. वडील बँकेत जाण्याआधी तुम्ही तहसीलमध्ये जाऊन जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

कागद आणि परीक्षा

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेत. कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झाली असेल तर हे दोन विषय एनआयओएस या मुक्त विद्यालयातून देता येतात. मग डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षांसाठीचा नोंदणी क्रमांक, काढायचा आणि लेखी परीक्षा द्यायच्या: नॅव्हिगेशन, हवामान, नियम आणि दोन तांत्रिक पेपर. प्रत्येकात 70 टक्के. रेडिओची आरटीआर परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती, भारतीय वायुयान अधिनियम 2024 आल्यावर ती डीजीसीएकडे आली. जमलं तर निम्मे पेपर उडायला लागण्याआधीच काढा. विमान रिकामं आणि हवा चांगली असताना तुम्ही पुस्तकात डोकं घालून बसलेले नसावेत.

इंग्रजीबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. रेडिओवरचं इंग्रजी ठरलेल्या वाक्यांचं असतं. टॉवरने सांगितलेलं तसंच परत म्हणायचं, आकडे स्पष्ट बोलायचे, कळलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं. गोंधळतात ती मुलं बहुधा इंग्रजीमुळे गोंधळत नाहीत, न कळता ‘रॉजर’ म्हणण्याच्या सवयीमुळे गोंधळतात. घरी रोज अर्धा तास मोठ्याने रीडबॅकचा सराव करा. घरचे चार दिवस हसतील, मग सवय होईल.

रस्ता निवडताना

एक फरक आधी समजून घ्या, कारण त्यावर पुढचं सगळं उभं आहे. आपल्याकडे 200 तासांचा सीपीएल आणि टाइप रेटिंग असलं की एअरलाइनच्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, सीटवर बसता येतं. अमेरिकेत तसं नाही. तिथे 2009 मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, त्यानंतर कायदा झाला आणि 2013 पासून को-पायलटलाही साधारण 1500 तास लागतात. लष्करातून आलेल्यांना 750, विमानविद्येची पदवी घेतलेल्यांना 1000. त्यामुळे अमेरिकेतला तरुण वैमानिक आधी शिकवतो, पिकांवर फवारणी करतो, रात्री पार्सलं वाहतो, आणि मगच एअरलाइनमध्ये येतो. आपल्या पोरांचे पहिले हजार-बाराशे तास एअरलाइनमध्येच होतात, कॅप्टनच्या शेजारी बसून, बराचसा वेळ ऑटोपायलट लावून. यात नियम फार लवकर अंगी मुरतात. एकट्याने निर्णय घ्यायची वेळ मात्र फार कमी येते. आपल्या 200 तासांत 100 तास स्वतः पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, असतात, त्यांची किंमत म्हणूनच मोठी आहे. ते नुसते भरायचे नसतात.

आता रस्ते बघू.

भारतातल्या फ्लाइंग स्कूलमधून सीपीएल हा आपल्या घरांना सगळ्यात जवळचा रस्ता. जेआरडी टाटांनी 1929 मध्ये देशातला पहिला परवाना मिळवला तो बॉम्बे फ्लाइंग क्लबमधून, आणि त्याच क्लबची विमानं पुढे आपल्या धुळ्यात उडायला लागली. या रस्त्याने आलेल्यांना आपला पाऊस माहीत असतो, आपली उष्णता माहीत असते, आपल्या टॉवरची बोलायची पद्धत कानाला सवयीची असते. कमी पडतं ते सलग उडणं. विमान बंद, इन्स्ट्रक्टर रजेवर, पावसाळा, यात दीड वर्षाचा अभ्यासक्रम अडीच-तीन वर्षांवर जातो. महिनाभर न उडलेला हात पहिले दोन सॉर्टी, म्हणजे दोन उड्डाणं, नुसता जुनं आठवण्यात घालवतो आणि त्यांचेही पैसे तुम्हीच भरता.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसमधल्या रंगीत पत्रकावर भरोसा ठेवू नका. सकाळी सहाला धावपट्टीच्या कुंपणाशी जाऊन उभं राहा. किती विमानं बाहेर निघतात ते मोजा. मग चहाच्या टपरीवर शिकणाऱ्या मुलांना विचारा: मागच्या महिन्यात किती तास झाले? उडण्याच्या स्थितीत विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, मुलं किती? डीजीसीएने 2025 पासून शाळांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे, तीही बघा. पण कुंपणाशी उभं राहून जे कळतं ते श्रेणीत दिसेलच असं नाही.

परदेशात शिकलेली मुलं लवकर तास पूर्ण करून येतात, गजबजलेल्या आकाशात घाईच्या रेडिओवर बोलायला घाबरत नाहीत. परत आल्यावर मात्र इथल्या परीक्षा द्याव्या लागतात, परवाना बदलून घ्यावा लागतो, आणि त्या काळात सहा-आठ महिने हात बंद राहतो. ॲरिझोनाच्या कोरड्या निळ्या आभाळात शिकलेल्या एका मुलाने जुलैमधले पश्चिम घाटावरचे ढग पहिल्यांदा माझ्या शेजारी बसून पाहिले. मुलगा हुशार होता, पण पाच मिनिटं एक शब्द बोलला नाही. या रस्त्याने जाणार असाल तर परत आल्यावर रिकामे बसू नका. सिम्युलेटरचे तास घ्या आणि पावसाळ्यातले मेटार, म्हणजे विमानतळांचे हवामान अहवाल, रोज वाचा.

कॅडेट योजनेत एअरलाइन सुरुवातीलाच निवड करते आणि तिच्याच पद्धतीने घडवते. पैसा जास्त लागतो, नोकरीची वाट जरा स्पष्ट असते. ही मुलं कॉलआउट, म्हणजे ठरलेल्या वेळी मोठ्याने म्हणायची वाक्यं, चेकलिस्ट, दोघांनी मिळून काम करणं यात पक्की असतात. त्यांना मी एकच सांगते: हाताने उडवा. 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना एअरलाइन्सचं बोइंग 777 धावपट्टीच्या अलीकडच्या बांधाला आपटलं. हवा स्वच्छ होती. उडवणाऱ्याला दहा हजारांच्या आसपास तासांचा अनुभव होता, पण 777 त्याच्यासाठी नवं होतं. उतरायचा कोन दाखवणारा ग्लाइडस्लोप बंद असल्याने डोळ्यांनी उतरायचं होतं, आणि ऑटोथ्रॉटल वेग सांभाळतोय या समजुतीत वेग घसरत गेला. तिघांचा जीव गेला. तास भरपूर असले तरी ते कशाचे आहेत हे पाहावं लागतं.

हवाई दलाचा रस्ता एनडीए, सीडीएस किंवा एफकॅट या प्रवेश परीक्षांमधून जातो. खर्च सरकारचा. पण माझं मत स्पष्ट आहे: एअरलाइनमध्ये जायला सोयीचं म्हणून हवाई दलात जाऊ नका. देशाची नोकरी करायची मनापासून इच्छा असेल तरच जा. शॉर्ट सर्व्हिस कमिशन 14 वर्षांचं असतं, म्हणजे एअरलाइनमध्ये याल तेव्हा पस्तिशी उलटलेली असेल. मुलींनीही हा रस्ता दूरचा समजू नये. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना 2009 मध्ये, वयाच्या 74 व्या वर्षी, पुण्याच्या तळावरून सुखोईत बसल्या. त्या दिवसाचं वर्तमानपत्र अण्णांनी, माझ्या वडिलांनी, अजून ट्रंकेत ठेवलंय.

हवाई दलातून आलेल्यांची तयारी बघण्यासारखी असते. उड्डाणाआधीचं ब्रीफिंग आणि नंतरचं डीब्रीफिंग यात ते कुणाची भीड ठेवत नाहीत, स्वतःची तर मुळीच नाही. एएन-32 सारखं मालवाहू विमान चालवलेल्यांना डोंगर, खराब हवा आणि दोघा-चौघांचं कॉकपिट सगळं सवयीचं असतं. लढाऊ विमानातून आलेला माणूस बराच काळ एकटाच निर्णय घेत आलेला असतो. शेजारी बसलेल्या पंचविशीच्या मुलाला ‘तुला काय दिसतंय?’ असं विचारणं त्याला शिकावं लागतं. बहुतेक जण शिकतात, आणि शिकले की फार चांगले कॅप्टन होतात.

हेलिकॉप्टरवाल्यांच्या हाताला जी जाण असते ती आमच्याकडे नसते. नाशिकला लष्कराची हेलिकॉप्टर शाळा आहे, तिथे शिकलेला माणूस वाऱ्यात विमान असं धरतो की कौतुक वाटावं. त्यांना अवघड जातो जेटचा वेग. हेलिकॉप्टर थांबवता येतं. 60 टनांचं जेट 30 हजार फुटांवरून खाली आणायचं तर शंभरेक नॉटिकल मैल आधीपासून गणित मांडावं लागतं, आणि गणित चुकलं तर ते वेगही सोडत नाही आणि उंचीही सोडत नाही.

मे महिन्यातली दुपार

खान्देशात शिकणाऱ्यांना एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे ऊन. त्याचा उपयोग करा.

जळगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून आठशे-साडेआठशे फुटांवर आहे. मे महिन्यात पारा 44 ला जातो. वही घ्या आणि मांडा: त्या उंचीला प्रमाण तापमान साधारण 13 अंश, फरक 31, दर अंशाला 120 फूट धरले तर 3700 फुटांची भर पडते. म्हणजे विमानाच्या पंखांना आणि इंजिनाला ती धावपट्टी साडेचार हजार फुटांवर असल्यासारखी वाटते. सकाळी सहाला जिथे चाकं सुटली तिथे दुपारी सुटत नाहीत. धाव लांबते, चढ मंदावतो. हे पुस्तकात एका ओळीत असतं. आपल्याकडे ते सीटखाली जाणवतं.

इन्स्ट्रक्टर असताना एका दुपारी मी एका मुलाला सर्किटवर, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीवर, घेऊन गेले. सेसना 172, अकराशे किलोचं विमान, फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या सरळ टप्प्यावर, 65 नॉट. खाली नांगरलेलं काळं रान आलं आणि गरम हवेने विमान वर उचललं. मुलाने नाक दाबलं. लगेच पुढे केळीचा बाग आला, ओला, हिरवागार. तिथे हवा बसते. विमान खाली गेलं, शिवाय त्याने नाक दाबलेलंच होतं. धावपट्टीचा कडा विंडशील्डमध्ये वर सरकायला लागला. माझा हात योकपासून, म्हणजे विमानाच्या हँडलपासून, चार बोटांवर होता. मी मनात मोजलं: एक, दोन. दोनला त्याने पॉवर दिली. हात मी काढून घेतला. खाली उतरल्यावर त्याला विचारलं, ‘केळी दिसली होती का?’ म्हणाला, ‘ताई, केळी रोज दिसते, पण त्याने विमान खाली बसतं हे आज कळलं.’ तो शेतकऱ्याचा मुलगा होता. त्यानंतर त्याला थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, समजावून सांगायची वेळ आली नाही, उलट कुठल्या शेतावर कशी हवा असेल हे तो मला सांगायचा.

इन्स्ट्रक्टर होणं हा रस्ता एअरलाइनला उशीर करतो, आणि तरी मी ज्याला त्याला तो सुचवते. इन्स्ट्रक्टरच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, तास भरतात, पण खरी कमाई वेगळी असते: दुसऱ्याची चूक ती होण्याच्या दोन सेकंद आधी दिसायला लागते. कधी हात घालायचा आणि कधी थांबायचं हे कळतं. कॅप्टन झाल्यावर रोज हेच करायचं असतं. याचा तोटाही मी भोगला आहे. एटीआरवर नवी असताना कॅप्टन लँडिंग करत होते आणि माझा उजवा हात आपोआप कंट्रोलकडे सरकला. उतरल्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘तुला काही दिसलं तर तोंडाने सांग. हात ही शेवटची गोष्ट.’ इन्स्ट्रक्टर असलेल्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं.

शिकवणं हे धोक्याचंही काम आहे. जुलै 2021 मध्ये चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एक शिकाऊ विमान पडलं. इन्स्ट्रक्टर गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली. आदिवासी पाड्यावरच्या माणसांनी धावत जाऊन मदत केली. तापीच्या खोऱ्यात उडताना उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग दिसते. दिसते तोवर ती दिशा ओळखायची सोय असते. ढग खाली आले की तेच डोंगर धोका होतात. हवा पाहूनच निघा. आणि ‘आज नको’ म्हणायची वेळ आली तर इन्स्ट्रक्टरला किंवा मालकाला न घाबरता म्हणा.

लॉगबुक खरं ठेवा

थोडक्यात सांगते, पण जीव तोडून सांगते. सीपीएलसाठी 200 तासांत 100 तास पायलट-इन-कमांड, त्यात 20 तास क्रॉसकंट्री, म्हणजे दूरच्या ठिकाणी जाऊन येण्याचे, त्यातलं एक उड्डाण किमान 300 नॉटिकल मैलांचं आणि दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून, 10 तास फक्त इन्स्ट्रुमेंट बघून, 5 तास रात्रीचे, असा हिशेब असतो. कुणी म्हणेल, ‘उडायचं कशाला, लिहून टाकू.’ 2011 मध्ये देशात खोट्या गुणपत्रिका आणि खोट्या तासांची प्रकरणं उघड झाली, परवाने गेले, अटका झाल्या. आणि पकडले गेला नाहीत तरी न उडवलेला तास तुमच्या हातात नसतो. त्याच हातांवर विश्वास ठेवून मागे दीड-पावणेदोनशे माणसं बसणार आहेत.

क्रॉसकंट्री शिकत असताना जीपीएस बंद ठेवून किमान दोन उड्डाणं करा. भुसावळचं जंक्शन, तापीची वळणं, धुळ्याकडे जाणारा महामार्ग, हे बघत नकाशावर बोट ठेवून जा. वाट चुकलात तर चुकू द्या, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना.

टाइप रेटिंग आणि शेजारचा माणूस

यानंतर येतं टाइप रेटिंग: एअरबस 320, बोइंग 737 किंवा एटीआर. निवड करायची संधी मिळाली तर एटीआरला कमी लेखू नका. त्याला ऑटोथ्रॉटल नसतो, वेग तुमच्या हातात असतो. प्रॉपेलरमुळे नाक बाजूला ओढलं जातं, ते पायाने सावरावं लागतं. जेट ज्या ढगांच्या वरून निघून जातं, त्यातून एटीआरला वाट काढावी लागते. जळगावसारख्या 1700 मीटरच्या धावपट्टीवर रोज उतरलात की टचडाउन कुठे करायचं याची शिस्त आपोआप लागते. एअरबसवर आल्यावर माझे पाय आळशी झाले, हे मात्र खरं. एअरबस बरंच काही स्वतः सावरते.

सेसनावरून थेट जेटवर जाणाऱ्यांना पहिल्या दिवशी दोन गोष्टी चुकवतात. फायनलवर 65 ऐवजी 135-140 नॉट असतात, त्यामुळे विचार विमानाच्या पुढे ठेवावा लागतो. आणि डोळ्यांची उंची बदलते. सेसनामध्ये जमीन जिथे दिसते त्यावरून फ्लेअर केलात, म्हणजे टेकण्याआधी नाक उचललंत, तर एअरबस आपटेल. साधारण 30 फुटांना, उंची बोलून दाखवणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरच्या आवाजावर कान ठेवून नाक उचलायचं. सिम्युलेटरला जाण्याआधी घरी खुर्चीत बसून, डोळे मिटून, हात हलवत हे शंभरदा करा. कॉलआउट मोठ्याने म्हणा. वेळेचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही.

आणि मग येतो शेजारचा माणूस. वेगळ्या वाटेने आलेला माणूस शेजारी असणं किती उपयोगाचं, हे दोन जुन्या घटनांमधून मी नव्या मुलांना सांगते.

23 जुलै 1983 ला एअर कॅनडाचं बोइंग 767 41 हजार फुटांवर असताना त्याचं इंधन संपलं. किलो आणि पौंडांच्या गोंधळात निम्म्याहून कमी इंधन भरलं गेलं होतं. कॅप्टन बॉब पियर्सन हौसेने ग्लायडर उडवायचे. को-पायलट मॉरिस क्विंटल यांनी पूर्वी हवाई दलात असताना गिमली नावाच्या तळावर काम केलं होतं, त्यांना ती धावपट्टी आठवली. विमान जास्त उंच येतंय हे पाहून पियर्सन यांनी ग्लायडरसारखं साइडस्लिप केलं, म्हणजे रडर एका बाजूला आणि पंख दुसऱ्या बाजूला धरून उंची मोडली. त्या धावपट्टीचा काही भाग गाड्यांच्या शर्यतींसाठी वापरात होता आणि तिथे लोकही होते. कुणाचाही जीव गेला नाही. एकाची धावपट्टीची ओळख आणि दुसऱ्याचा ग्लायडरचा हात, दोन्हींमुळे ते उतरले.

दुसरी घटना 15 जानेवारी 2009 ची, न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर एअरबस उतरवल्याची. कॅप्टन सलनबर्गर लढाऊ वैमानिक होते, ग्लायडरही उडवलेले, तासांचा आकडा 20 हजारांच्या जवळ. को-पायलट जेफ स्काइल्स यांचेही 15 हजारांहून जास्त तास, पण एअरबस 320 वर फक्त 37. ते नुकतेच ट्रेनिंग करून आले होते. पक्षी आदळून दोन्ही इंजिनं गेली तेव्हा सलनबर्गर यांनी विमान स्वतःकडे घेतलं आणि चेकलिस्ट स्काइल्सकडे सोपवली, कारण ट्रेनिंग ताजं असल्याने आणीबाणीची चेकलिस्ट त्यांना पटकन सापडणार होती. त्या विमानावर नवं असणं हीच त्या साडेतीन मिनिटांत कामाची गोष्ट ठरली. 155 जण वाचले.

म्हणून पहिल्या दिवशी कॅप्टनला विचारा, ‘सर, तुम्ही आधी काय उडवत होता?’ मॅडम असतील तर मॅडमना विचारा. हा प्रश्न कुणाला आवडत नाही असं मी पाहिलेलं नाही. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत हवाई दलातून आलेले एक कॅप्टन होते. रडारवर बघण्याआधी ते काचेतून ढगाच्या माथ्याकडे बघायचे, कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा टणक आहे का कापसासारखा विस्कटलेला ते पाहायचे, मग रडारचं बटण फिरवायचे. आणि मला म्हणायचे, ‘तू इन्स्ट्रक्टर होतीस ना? मग मला टोकत जा.’ मी टोकायचे. एकदा वेग जास्त असताना टोकलं, त्यांनी लगेच गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर नेलं. वर जाताना त्यांच्या तोंडून एकच शब्द आला, ‘थँक्यू.’

डाव्या सीटकडे

डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटसाठी एटीपीएल हा वरचा परवाना लागतो: किमान वय 21, किमान 1500 तास. कंपन्यांच्या स्वतःच्या अटी त्याहून वरच्या असतात. वर्षाला जास्तीत जास्त 1000 तास उडता येतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांत आकडा भरतो. आकडा भरला की सगळे अर्जाची वाट बघतात. मी तेव्हा एक वेगळी वही केली, कारण अण्णांनी शाळेत असताना गणिताची अशीच वही करायला लावली होती: डाव्या पानावर माझ्या रस्त्याने मला काय दिलं, उजव्या पानावर काय राहिलं. डावीकडे होतं: उष्ण हवा, छोटी धावपट्टी, दुसऱ्याची चूक दिसणं. उजवीकडे होतं: हिवाळ्यातलं उत्तरेतलं धुकं, जेट उंचीवरून खाली आणणं, रात्रीचे लांबचे पल्ले, आणि वयाने मोठ्या माणसाला नकार देणं.

उजव्या पानावरचं शेवटचं वाक्य खोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपल्या घरांमध्ये मोठ्यांसमोर मान खाली घालायला शिकवतात, आणि ते संस्कार मला आवडतात. पण कॉकपिटमध्ये ‘सर, स्टेबल नाही, गो-अराउंड’ हे वाक्य एक हजार फुटांवर तोंडातून निघालंच पाहिजे. मी ते सिम्युलेटरमध्ये नाही शिकले. घरी आरशासमोर, अण्णांना कॅप्टनच्या खुर्चीत बसवून, वीस-पंचवीसदा म्हटलं. ते दरवेळी मान हलवून म्हणायचे, ‘ऐकू आलं नाही, मोठ्याने बोल.’

तुमची वही आजच सुरू करा. मेडिकल झालेला नसला तरी चालेल, पहिल्या पानावर मेडिकलची तारीख लिहा. फ्लाइंग सुरू झालं की प्रत्येक सॉर्टीनंतर उजव्या पानावर एक ओळ लिहा, आणि ती ओळ खोडताना शेजारी तारीख टाका.